‘पिक अप’: प्राजक्त वेचण्यापासून फोन उचलण्यापर्यंत

देवाला फुलं आणायची असली की जास्वंद आपण झाडावरून तोडतो. प्राजक्त कोणी तोडत नाही. पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो, तो वाकून वेचायचा आणि परडीत घ्यायचा. इंग्रजीत जास्वंद तोडणं म्हणजे ‘पिक’ आणि प्राजक्त वेचणं म्हणजे ‘पिक अप’. शेतात कापूस वेचणारी बाई झाडावरच्या बोंडातून कापूस काढते तेव्हा ते ‘पिक’ असतं; सरीत सांडलेला कापूस ती खाली वाकून गोळा करते तेव्हा ते ‘पिक अप’ होतं. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा, पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर ते लागणार आहे.

मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. बहुतेक जण मराठी माध्यमातून शिकलेले, नोकरीला लागलेले. काळ, वचन, कर्मणी प्रयोग त्यांना माझ्याइतकेच येतात. पण फोनवर कोणी म्हणालं, ‘कॅन यू पिक इट अप ऑन युअर वे?’, की ते थबकतात. ‘पिक’ माहीत आहे, ‘अप’ माहीत आहे, आणि दोन्ही मिळून काय झालं ते कळत नाही. मग ते शब्दकोश उघडतात, तिथे अर्थांची लांबलचक यादी दिसते, आणि ती पाठ करायला घेतात. ती पाठ होत नाही. झाली तरी बोलताना आठवत नाही.

ही अडचण जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये इंग्रजीचा मोठा कोश छापला, तेव्हा प्रस्तावनेतच त्यांनी नोंदवलं की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत इंग्रजीत फार आहे आणि परभाषकांना सर्वांत जास्त त्रास तिथेच होतो. अशा जोडीला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणायला लागले ते बरंच नंतर. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ मध्ये हे नाव वापरलं, आणि ते त्यांना ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं होतं.

आपल्याला मात्र घाबरण्याचं कारण नाही, कारण आपणही दिवसभर हेच करतो. ‘जेवून घे’ यात घ्यायचं काही नसतं. ‘सांगून टाक’ यात टाकायचं काही नसतं. ‘विसरून गेलो’ म्हणणारा कुठेही गेलेला नसतो. मुख्य क्रियापदाच्या मागे दुसरा शब्द येतो आणि अर्थाला वेगळा रंग देतो, हे मराठी माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीत ते काम ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ असे शब्द करतात, एवढंच.

पहिली पायरी: आधी कानाने ओळखा

लिहिलेलं ‘पिक अप’ आणि बोललेलं ‘पिक अप’ यांत बरंच अंतर आहे. बोलताना दोन शब्द चिकटतात आणि ‘पिकप’ ऐकू येतं. भूतकाळाच्या रूपाला लिहिताना शेवटी ‘ईडी’ असलं तरी उच्चार ‘ट’ होतो: ‘पिक्ट अप’, म्हणजे कानाला ‘पिक्टप’. ‘पिक इट अप’ हे ‘पिकिटप’ होतं आणि ‘पिक हिम अप’ मधला ‘ह’ बहुतेक वेळा गळून ‘पिकिमप’ होतं. माझ्या वर्गात ही चार रूपं मी पहिल्या दिवशी वीस-वीस वेळा म्हणून घेते. अर्थ त्यानंतर. जे कानाला सुटं सुटं ऐकू येत नाही, त्याचा अर्थ लावायला बुद्धीला सवडच मिळत नाही.

‘पि’ ऱ्हस्व ठेवा. टेम्पोच्या मागे ‘पीकअप’ असं दीर्घ लिहिलेलं आपण पाहतो, पण तोंडाने ‘पी’ लांबवलात तर इंग्रजी कानाला ‘डोकावणं’ किंवा ‘शिखर’ असा दुसराच शब्द ऐकू येतो.

आणखी एक. क्रियापद म्हणून वापरताना जोर ‘अप’वर पडतो. नाम म्हणून वापरताना, म्हणजे ‘पिकअप पॉइंट’ किंवा ‘पिकअप ट्रक’ म्हणताना, जोर ‘पिक’वर येतो.

दुसरी पायरी: स्कूटरवर कोण कुठे बसतं

‘फोन उचल’ हे दोन तऱ्हांनी म्हणता येतं: ‘पिक अप द फोन’ आणि ‘पिक द फोन अप’. दोन्ही बरोबर. पण ‘फोन’ऐवजी ‘तो’ म्हणायचं असेल तर एकच तऱ्हा उरते: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ चूक आहे. तसंच ‘पिक मी अप’ बरोबर, ‘पिक अप मी’ चूक.

मी हे स्कूटरवरून समजावते. आई-बाबा आणि लहान मूल स्कूटरवर निघाले तर मूल मध्ये बसतं. ‘मी, यू, हिम, हर, इट, अस, देम’ ही सगळी लहान मुलं आहेत. ती नेहमी ‘पिक’ आणि ‘अप’ यांच्या मध्ये बसणार. मोठा माणूस मध्येही बसू शकतो, मागेही. आणि सामानाचं अवजड गाठोडं असेल तर ते मागेच बांधायचं: ‘पिक अप द पार्सल दॅट केम यस्टर्डे’. एवढं लांब कर्म मध्ये कोंबलं तर शेवटी एकटा ‘अप’ लोंबकळत राहतो आणि ऐकणाऱ्याचा धागा तुटतो.

याहून मोठी चूक म्हणजे ‘अप’ गाळणं. ‘आय विल पिक यू ॲट सिक्स’ हे वाक्य आपल्याकडे रोज ऐकू येतं. सहा वाजता तुला घ्यायला येईन, असं म्हणायचं असतं. शब्दशः अर्थ मात्र होतो, ‘सहा वाजता मी तुझी निवड करीन’. जास्वंद आणि प्राजक्त इथे उपयोगी पडतात: निवडून तोडायचं ते ‘पिक’, वाटेत घ्यायचं ते ‘पिक अप’. ‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल’ हेही तसंच. भारतात ते सगळ्यांना समजतं, म्हणून आपल्या कचेरीत कोणाला त्यावरून टोकू नये; पण लंडनमध्ये किंवा टोरंटोत बसलेल्या माणसाशी बोलताना ‘ही इजंट पिकिंग अप’ म्हणा. यात फोनचं नावही घ्यावं लागत नाही.

तिसरी पायरी: प्राजक्ताचं कुटुंब

आता अर्थांकडे. माझं म्हणणं असं की यादीतले बहुतेक अर्थ एकाच चित्राचे नातलग आहेत: काहीतरी कुठेतरी पडलेलं आहे, तुम्ही तिथून जाता, आणि ते तुमच्याबरोबर येतं.

सर्वांत सरळ अर्थ जमिनीवरून उचलण्याचा. ‘पिक अप युअर शूज’, बूट उचल. ‘पिक द बेबी अप’, बाळाला उचलून घे. फोनचा अर्थ इथूनच आला. जुन्या फोनचा रिसीव्हर खरोखर उचलावा लागायचा. आता काचेवर बोट फिरवतो, तरी इंग्रजीत ‘पिक अप’ राहिलं आणि मराठीत ‘उचल’ राहिलं. (फोन ठेवताना मात्र दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘चल, ठेवते’ याचं इंग्रजी ‘आय ॲम कीपिंग द फोन’ होत नाही. तिथे ‘हँग अप’ लागतं.)

मग वाटेत थांबून माणसाला घेणं: ‘माय ब्रदर इज पिकिंग मी अप फ्रॉम द स्टेशन’, भाऊ मला स्टेशनवर घ्यायला येतोय. हिंजवडीच्या कंपन्यांमध्ये काम करणाऱ्यांना ‘पिकअप कितीला आहे?’ हे मराठीच वाटतं, इतकं ते रुळलं आहे. याची उलट बाजू ‘ड्रॉप ऑफ’, म्हणजे नेऊन सोडणं. वस्तूचंही तसंच: ‘पिक अप सम मिल्क ऑन युअर वे होम’, येताना दूध घेऊन ये. ‘बाय’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण ‘पिक अप’मध्ये ‘मुद्दाम जाऊ नकोस, वाटेतच आहे’ हा भाव येतो. स्वस्तात किंवा अवचित मिळालेल्या वस्तूलाही हाच शब्द: जुन्या बाजारात फिरताना एखादी पितळी समई हाती लागली, तर ती तुम्ही ‘पिक अप’ केली.

याच वाटेने पुढे गेलं की भाषा येते. ‘शी पिक्ट अप कन्नड फ्रॉम हर नेबर्स’, शेजाऱ्यांकडून ऐकून ऐकून ती कन्नड शिकली. सोलापूर, सांगली, बेळगाव भागातल्या किती घरांत हे घडतं! शिकवणी नाही, पुस्तक नाही. शब्द आजूबाजूला सांडलेले होते, ते वेचले गेले. म्हणून कॉलेजात तीन वर्षं बसून केलेल्या अभ्यासाला ‘पिक अप’ म्हणू नका, तिथे ‘लर्न’ किंवा ‘स्टडी’ हवं. मुलाखतीत ‘आय पिक्ट अप अकाउंटिंग’ म्हणालात तर समोरच्याला वाटेल की रीतसर शिक्षण नाही, काम करता करता जमेल तसं शिकलेले दिसता. ते खरं असेल तर जरूर म्हणा, तो गुणच आहे. खरं नसेल तर स्वतःची पदवी अशी हलकी करू नका. सवयी, लकबी, बोलण्याचा हेल हेही असेच उचलले जातात. आपणही म्हणतोच ना, ‘मुलानं कुठून शिवी उचलली कोण जाणे’.

आणि भाषा जशी चिकटते तसा आजारही. ‘ही पिक्ट अप अ स्टमक बग’, त्याच्या पोटाला कसलासा संसर्ग झाला. ‘बग’ म्हणजे इथे किडा नव्हे, साधासा आजार. माझ्या वर्गात परदेशी जायची तयारी करणारी एक नर्स होती. तिने विचारलेला प्रश्न मी आता दर वर्गात सांगते, कारण तो फार नेमका होता. ‘शी हॅज पिक्ट अप’ म्हणजे रुग्ण सुधारली, आणि ‘शी हॅज पिक्ट अप ॲन इन्फेक्शन’ म्हणजे रुग्णाला नवीन संसर्ग झाला. चार शब्द तेच, बातमी उलटी. मग ओळखायचं कसं? पुढे कर्म आहे का ते पाहायचं. काही ‘उचललं’ असेल तर ते काय, हे वाक्यात सांगितलेलं असतं. काहीच सांगितलं नसेल तर व्यक्ती स्वतःच उचलली गेली, म्हणजे तिची तब्येत वर आली. वाक्य संपेपर्यंत थांबा, अर्ध्यावर निष्कर्ष काढू नका. रुग्णालयात ही सवय फार मोलाची आहे.

रेडिओने स्टेशन पकडलं, मोबाइलने रेंज पकडली, मायक्रोफोनमध्ये बाहेरचा आवाज आला, कुत्र्याला वास लागला, या सगळ्याला ‘पिक अप’ चालतं. हवेत तरंगणारी वस्तू यंत्राने किंवा नाकाने वेचली. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं, ते तारांचं कंपन टिपतं, म्हणून त्या भागाचं नावच ‘पिकअप’. क्रिकेटचं धावतं वर्णन ऐकणाऱ्यांना ‘ही हॅज पिक्ट अप थ्री विकेट्स’ ओळखीचं असेल. त्याने तीन बळी टिपले. फलंदाजाने संथ चेंडू हातातून सुटतानाच ओळखला, तर तोही तो ‘पिक’ किंवा ‘पिक अप’ करतो. मराठीत ‘टिपणे’ हा शब्द इथे इतका चपखल बसतो की दुसरा शोधावा लागत नाही.

पोलिसांनी उचललं, हेही दोन्ही भाषांत जसंच्या तसं आहे: ‘द पोलीस पिक्ट हिम अप’. आणि खर्च उचलणंही: ‘द कंपनी पिक्ट अप द बिल’. टेबलावर बिल पडलेलं असतं, कोणीतरी हात पुढे करून ते घेतं.

या कुटुंबात एक अर्थ जपून वापरायचा आहे. अनोळखी व्यक्तीशी लगट करून तिला आपल्याबरोबर नेणं, यालाही ‘पिक अप’च म्हणतात. ‘पिक हर अप फ्रॉम द स्टेशन’ यात काही वावगं नाही. ‘पिक्ट हर अप ॲट अ बार’ ऐकलं की भुवया उंचावतात. ठिकाणावरून आणि प्रसंगावरून अर्थ ठरतो. सहकारी बाईंना घरी सोडण्याबद्दल बोलताना मन साशंक असेल तर ‘आय कॅन गिव्ह यू अ लिफ्ट’ म्हणा. अमेरिकेत ‘लिफ्ट’ऐवजी ‘राइड’.

चौथी पायरी: वर चढणारं ‘अप’

हे दुसरं कुटुंब, लहान आहे. इथे कोणी काही उचलत नाही, गोष्ट आपणहून वर येते. ‘बिझनेस इज पिकिंग अप’ म्हणजे धंद्याने उचल खाल्ली. ‘द विंड पिक्ट अप’ म्हणजे वाऱ्याचा जोर वाढला. ‘द मॉन्सून हॅज पिक्ट अप’ हे इंग्रजी वर्तमानपत्रांत जुलैत वाचायला मिळतं. ‘द ट्रेन पिक्ट अप स्पीड’, गाडीने वेग घेतला. ‘गाडीला पिकअप नाही’ हे आपलं वाक्य याच घरातलं. इंग्रजीतही, विशेषतः अमेरिकेत, या अर्थाने ते नाम वापरतात.

एक अट मात्र पाळा. आधी काहीतरी मंदावलेलं असावं लागतं. आणि त्रासदायक वाढीला हा शब्द सहसा शोभत नाही. ताप वाढला तर ‘टेम्परेचर हॅज गॉन अप’. कांदा महागला आणि तुम्ही गिऱ्हाईक आहात, तर भाव ‘गॉन अप’. तुम्ही कांदा पिकवणारे आहात आणि पडलेले भाव सावरले, तर ते खुशाल ‘पिक्ट अप’ म्हणा.

अर्धवट राहिलेलं काम पुन्हा हाती घेण्यालाही ‘पिक अप’ म्हणतात: ‘लेट्स पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ’, थांबलो होतो तिथून पुढे जाऊ. विणकाम बाजूला ठेवून पुन्हा सुया हातात घेतल्यासारखं. मीटिंगमध्ये हे वाक्य फार कामाला येतं, आजच पाठ करा.

पाचवी पायरी: ‘उचलणे’ कुठे साथ सोडतं

इथवर ‘उचलणे’ने आपल्याला बोट धरून आणलं. आता त्याचं बोट सोडायच्या जागा. पाऊल उचलणं म्हणजे ‘टेक अ स्टेप’. जबाबदारी उचलणं म्हणजे ‘टेक ऑन’. फायदा उचलणं म्हणजे ‘टेक ॲडव्हान्टेज’. विडा उचलणं याला ‘टेक अप द चॅलेंज’ जवळ जातं. पगारातून उचल घेतली असेल तर तो ‘ॲडव्हान्स’. मुद्दा उचलून धरला तर ‘सपोर्ट’. हात उचलून प्रश्न विचारायचा तर ‘रेज’. दुसऱ्याच्या लेखातला उतारा उचलला तर ‘लिफ्टेड’. यात ‘टेक’ किती वेळा आलं ते पाहा: मराठीत जिथे खरोखर वाकून काही वेचलेलं नसतं, तिथे इंग्रजी बहुधा ‘टेक’कडे वळतं.

सहावी पायरी: शेजारी-पाजारी

‘पिक अप ऑन’ म्हणजे न सांगितलेली गोष्ट ताडणं. ‘शी पिक्ट अप ऑन हिज वरी’, त्याची काळजी तिने ओळखली. इथे स्कूटरचा नियम लागत नाही, ‘इट’ शेवटी येतं: ‘पिक अप ऑन इट’. ब्रिटिश बोलण्यात ‘पिक समवन अप ऑन समथिंग’ म्हणजे एखाद्याची चूक दाखवून देणं. ‘पिक अप आफ्टर’ म्हणजे कोणी केलेला पसारा आवरणं. परदेशातल्या बागांमध्ये कुत्रेवाल्यांसाठी ही पाटी असते. ‘अप’ गाळून नुसतं ‘पिक ऑन’ म्हटलं तर अर्थ होतो एखाद्याच्या मागे लागून त्याला छळणं. मुलाने शाळेतून येऊन ‘दे पिक ऑन मी’ म्हटलं, तर हातातलं काम बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा.

सातवी पायरी: एका आठवड्याचा सराव

वहीत अर्थांची यादी करू नका. रोज रात्री दिवसभरातला एक प्रसंग आठवा, ज्यात तुम्ही काही वेचलंत, घेतलंत, शिकलात किंवा सावरलात, आणि एकच वाक्य मोठ्याने म्हणा. सुरुवातीला ही सात मराठी वाक्यं घ्या, इंग्रजी झाकून ठेवा, स्वतः करून पाहा आणि मग ताडून बघा.

बाळ रडतंय, त्याला उचलून घे: ‘द बेबी इज क्राइंग, पिक हिम अप.’

येताना कोथिंबीर घेऊन या: ‘पिक अप सम कोरिअँडर ऑन युअर वे होम.’ अमेरिकेत असाल तर ‘सिलान्ट्रो’ म्हणा, नाहीतर दुकानदार धने देईल.

ती फोन उचलत नाहीये: ‘शी इजंट पिकिंग अप.’

दिवाळीनंतर धंदा थंडावला होता, आता सावरतोय: ‘बिझनेस वॉज स्लो आफ्टर दिवाळी, बट इट इज पिकिंग अप नाऊ.’

मामांना स्टेशनवर घ्यायला कोण जाणार? ‘हू इज पिकिंग अंकल अप फ्रॉम द स्टेशन?’ मग हेच ‘त्यांना’ घालून म्हणा: ‘हू इज पिकिंग हिम अप?’ कानाला ‘पिकिंगिमप’ लागलं तर जमलं.

जेवणाचं बिल साहेबांनी दिलं: ‘द बॉस पिक्ट अप द बिल.’

काल थांबलो तिथून पुढे सुरू करू: ‘लेट्स पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ यस्टर्डे.’ इथे ‘लेफ्ट’च्या मागचं ‘ऑफ’ विसरू नका. नुसतं ‘लेफ्ट’ म्हटलं तर काल आपण उठून निघून गेलो, एवढंच ऐकू येईल.